मेळाव्याच्या मांडवात खालांची ढोलकी

  भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, तव्यावरची मात्र करपू देऊ नका.

जत्रांचे दिवस जवळ आलेत. चैत्र लागला की गावोगावी वर्गणीच्या पावत्या फाटतात. छबिना कधी, तमाशा कोणाचा, कुस्त्या किती वाजता, यावर पारावर बोलणी सुरू होतात. ग्रामसंघांचे मेळावेही याच सुमाराला. मेळाव्याचा कार्यक्रम ठरवायला बसलो की यादी साधारण ठरलेली असते : फुगडी, भारूड, मंगळागौरीचे खेळ, दारूबंदीवर एखादं पथनाट्य, पाककृती स्पर्धा. मग कोणीतरी हळूच मला विचारतं, "मॅडम, तुमच्या लोकांचं पण काहीतरी घेऊ का?" विचारणारीच्या मनात चांगलंच असतं. पुढचं वाक्यही मला पाठ झालंय : "एखादी कव्वाली, नाहीतर बिर्याणीचा स्टॉल."

आज त्या "काहीतरी"बद्दलच बोलायचंय.

मी तांबोळ्यांची लेक. माहेर दौंडचं, सासर शिरूर तालुक्यातलं. आमच्या घरात बिर्याणी वर्षातून दोनदा-तीनदा व्हायची, रोजचं म्हणजे तुमच्यासारखीच बाजरीची भाकरी आणि कोरड्यास. कव्वाली ऐकली ती टीव्हीवर. त्यामुळे "तुमच्या लोकांचं" म्हणजे नक्की कोणाचं, हे मलाही थांबून विचारावं लागतं. आपल्याच गावांत बघा ना. तांबोळी पानाचे, बागवान फळांचे, अत्तार सुगंधी सामानाचे, मणियार बांगड्यांचे, पिंजारी गाद्यांचे, शिकलगार विळ्या-खुरप्यांना धार लावणारे, मोमीन मूळचे विणकर. मुलाण्याला तर गावगाड्यात बलुतं होतं. प्रत्येकाच्या लग्नातली गाणी वेगळी, हळदीची रीत वेगळी, नवस वेगळे. घरात बोलतात ती दखनी. ती धड उर्दू नाही, धड मराठी नाही, दोघींच्या मांडीवर वाढलेली. "नक्को", "हौ" असं कोणी बोललं की पोरंटोरं हसतात, पण ही बोली फार जुनी आहे. आणि तिच्यात बायकांसाठी काय लिहून ठेवलंय ते ऐका. विजापूरच्या बाजूच्या सूफींनी सतराव्या शतकाच्या आसपास दखनीत जात्यावर म्हणायची आणि चरख्यावर म्हणायची गाणी रचली. त्यांना चक्कीनामा, चरखानामा म्हणतात. बाळाला झोपवताना म्हणायचा लोरीनामाही आहे. म्हणजे ज्या वेळी तुमच्या खापरपणजीच्या खापरपणजीनं जात्यावर ओवी धरली, त्या वेळी माझी खापरपणजीही जातंच ओढत होती आणि तीही गात होती. दळण तर दोघींना चुकलं नाही.

आता आपल्या शिरूर तालुक्यातली गोष्ट. कवठे येमाई आपल्याला माहीत आहे ते येमाईच्या देवळामुळे. त्याच गावचे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर, पूर्ण नाव बशीर कमरुद्दीन मोमीन. जन्म 1947 चा. लहानपणापासून तमाशाचा नाद लागला आणि आयुष्यभर ते तमाशासाठी लिहीत राहिले. रघुवीर खेडकर, दत्ता महाडिक अशा नामवंतांच्या फडांनी त्यांचं लेखन रंगमंचावर आणलं. आता तमाशा कसा उभा राहतो ते तुम्हाला सांगायला नको. आधी गण, म्हणजे गणपतीला आवाहन. मग गौळण, म्हणजे कृष्ण आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. हे सगळं मोमीन लिहायचे. विणकरांच्या घरातला माणूस गणपतीचा गण लिहितो, ढोलकीवर थाप पडते, आणि समोर हजार माणसं फेटे उडवतात. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. हुंडा, एड्स, स्वच्छता अशा विषयांवरही त्यांनी कलापथकातून लोकांना चार शब्द सांगितले. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. 2018 सालचा तो पुरस्कार मोमीन कवठेकरांना मिळाला. नोव्हेंबर 2021 मध्ये ते गेले.

मी हे गटांच्या बैठकीत सांगते तेव्हा काय होतं माहितीये? कवठ्याच्या आसपासच्या बायका माना डोलावतात. पण दहा-पंधरा किलोमीटर लांब गेलं की, "हे कोण?" म्हणजे लावणी माहीत, वग बघितलेला, लिहिणाऱ्याचं नाव मात्र नाही. मला वाटतं अडचण इथंच आहे. आपल्या जत्रांमध्ये मुसलमान कलावंत नव्हते असं कधी झालंच नाही. ते मांडवात होतेच. नाव तेवढं पुकारलं गेलं नाही.

मोमीन कवठेकर काही एकटे नाहीत. पेशवाईच्या अखेरीला सगनभाऊ नावाचे शाहीर होऊन गेले, होनाजी बाळाच्या काळातले, त्यांच्याच तोडीचे. ते जेजुरीकडचे, म्हणजे दौंडच्या शेजारचे, आणि धंद्यानं शिकलगार. लावण्याही त्यांच्या, पोवाडेही त्यांचे. विळ्याला धार लावणाऱ्या हातानं लावणीला धार लावली, असं मी म्हणते, तुम्हाला आवडलं तर तुम्हीही म्हणा. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख. मूळचे बार्शीचे, नाव मेहबूब पटेल. आई मोठी गाणारी होती असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांच्या पहाडी आवाजावर मुंबईतली मैदानं भरायची. 1969 मध्ये इंदापूरजवळ अपघातात ते वारले. आपल्या इथून इंदापूर किती लांब, तुम्हीच सांगा.

आणि दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो. तिथले शेख महंमद महाराज सतराव्या शतकातले. त्यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओव्यांत लिहिला आणि वारकरी त्यांना संतांत मोजतात. आमच्या एका गटातल्या माळकरी आजी एकदा म्हणाल्या, "आमच्या शेख महंमदांना तुम्ही लोक मानता का गं?" मी म्हटलं, "आजी, मी पण तेच विचारणार होते, की आमच्या शेख महंमदांना तुम्ही मानता का." बराच वेळ हसत होत्या.

पाबळचंही सांगते आणि पुढं जाते. पाबळला मस्तानीची कबर आहे. 2015 च्या सिनेमानंतर गाड्या करून लोक बघायला यायला लागले. नाचणारी मस्तानी सगळ्यांना ठाऊक. तिचा मुलगा समशेर बहादूर 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्यात जखमी होऊन गेला, हे किती जणींना ठाऊक आहे? शाळेच्या सहलीत पाबळ असेल तर पोरांना एवढं तरी सांगा.

आता सणांकडे वळू. सार्वजनिक सण म्हटलं की आमच्यातला सगळ्यांत जुना म्हणजे मोहरम. तो खरं तर आनंदाचा सण नव्हे. करबलाच्या लढाईत हजरत इमाम हुसेन शहीद झाले त्या दुःखाचे दिवस. म्हणून कोणी "मोहरमच्या शुभेच्छा" असा मेसेज पाठवला की मी काही बोलत नाही, पण तुम्हाला सांगून ठेवते, तसा पाठवू नका. मात्र महाराष्ट्राच्या खेड्यांनी त्या दुःखाला ताबूत, सवाऱ्या, पंजे, हलगी, ताशा असं सगळ्या गावाचं रूप दिलं. कित्येक गावांत पीर बसवायचा मान पाटलांच्या घरी, विस्तवाचा खड्डा खणायचा मान दुसऱ्या कोणाकडे, आणि नवसाची फकिरी मराठ्यांची नाहीतर धनगरांची पोरं घेतात. मुसलमानाचं एकही घर नसलेल्या गावातही पीर बसतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत तर प्रसिद्धच आहेत. त्यांच्या भेटी बघायला लांबून माणसं येतात, आणि त्यातले काही ताबूत हिंदू घराण्यांचे आहेत. आमच्यातही सगळ्यांना ताबूत पटतात असं नाही. हे धर्मात बसत नाही, असं म्हणणारी माणसं आमच्या घरोघरी आहेत. त्यांच्याशी वाद घालायला मी इथं आले नाही. एवढंच की, मुसलमान म्हणजे सगळे एका साच्यातले, हे बाहेरच्यांनी म्हटलं तरी खोटं आणि आतल्यांनी म्हटलं तरी खोटं.

एक लांबची गोष्ट सांगते, ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना ती जवळची वाटेल. वेस्ट इंडीजमध्ये ट्रिनिदाद नावाचं बेट आहे, क्रिकेटमुळे नाव ऐकलं असेल. 1845 पासून इंग्रजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला जहाजं भरून आपल्या देशातली माणसं नेली. त्या मजुरांनी तिथं मोहरम सुरू केला. 'हुसेन' वरून त्याचं नाव पडलं 'होसे'. ताबूत नेणाऱ्यांत हिंदू मजूर होते, मुसलमान होते, आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांची मुलंबाळंही होती. मजूर असे एकत्र आलेले मळेवाल्यांना आणि सरकारला चालेनात. 1884 मध्ये सरकारनं गावात मिरवणूक आणायला बंदी केली. मजूर तरीही ताबूत घेऊन निघाले, गोळीबार झाला, कित्येक जीव गेले. आजही तिथं होसे निघतो. बांबूचे आणि रंगीत कागदाचे ताबूत करायला सगळ्या जातीधर्मांचे हात लागतात.

हे मी मुद्दाम सांगितलं, कारण आपल्याकडेही सण बाहेर आणायची धास्ती वाढलीय. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या दौंड तालुक्यातल्या यवतला काय झालं ते तुम्ही जाणता. मोबाईलवरची एक पोस्ट, मग दगडफेक, जाळपोळ, जमावबंदी. त्या आठवड्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बायका आल्या, हप्ते भरले, सह्या केल्या. पण एरवी जो अर्धा तास गप्पांत जातो तो कोणी बसलंच नाही. एकाच गटात दहा वर्षं बचत करणाऱ्या, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहिलेल्या बायका. त्यानंतर एका गावी मेळाव्याच्या आखणीत एक कार्यकर्ते म्हणाले, "यंदा ते शीरखुर्म्याचं वगैरे राहू द्या, उगीच कशाला." मला त्यांचा राग नाही आला, भीती वाटली. "उगीच कशाला" हे शब्द भांडणापेक्षा वाईट. भांडण मिटतं तरी.

तिथल्या गटाच्या अध्यक्षा, शेतकरी बाई, चौथी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "सर, शीरखुर्मा मीच करणार आहे. मला हिनं शिकवलाय." विषय संपला. दुपारी दोनला पातेलं रिकामं होतं. खारीक कशी भिजवायची, शेवया तुपात किती परतायच्या, हे विचारायला बायकांनी नंतर पातेल्याभोवती घोळका केला.

आतल्या अडचणीही बोलू या. सार्वजनिक सण म्हटला की आमच्याकडे पुढं दिसतात ते पुरुष. संदल पुरुष काढतात, कव्वाल पुरुष, ताशा पुरुषांचा. बायका गच्चीवरून बघतात. 1982 मध्ये जळगावात मुसलमान बायकांनी सिनेमाला जायचं नाही, अशी बंदी जमातीतल्या काहींनी घातली होती. रझिया पटेल तेव्हा ऐन तरुण होत्या. त्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह उभा केला. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायला बायकांना मनाई झाली होती. 2016 मध्ये उच्च न्यायालयानं ती उठवली. म्हणजे आमच्या बाईला दोन दारं उघडावी लागतात, एक घरचं आणि एक गावचं. गावचं दार तुम्ही उघडून धरलंत तर घरचं आम्ही बघतो.

आणि खरा खजिना त्या गच्चीवरच्या बायकांकडेच आहे. लग्नात हळदीच्या रात्री पुरुष बाहेर गेले, की ढोलकी नाहीतर उलटं पातेलं घेऊन ज्या बसतात त्या खाला आणि नानी! विहिणीला चिमटे काढणारी गाणी, नवऱ्या मुलाच्या फजितीची गाणी, लेक सासरी निघाली की म्हणायची बिदाईची गाणी. अर्धी दखनीत, अर्धी मराठीत, आणि काही इतकी चावट की रेडिओवर नमुनाही देता यायचा नाही. कुठल्या पुस्तकात ती सापडणार नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. म्हणून त्या राहिल्या. जातं गेलं तशी ओवीही गेली असती. आमच्या हळदीच्या रात्री आता डीजे आलाय. तुमच्याकडेही आलाच आहे.

तर मेळाव्यात काय करता येईल? जे आम्ही थोडंफार करून बघितलंय तेच सांगते. "मुस्लीम संस्कृती" असा फलक लावून एक कोपरा करू नका. त्या कोपऱ्यात लोक प्राणिसंग्रहालयात यावं तसे येतात. जात्याच्या ओव्यांचा कार्यक्रम असेल तर त्यातच खालांना बसवा, एक ओवी इकडची, एक गाणं तिकडचं. गोधडीच्या प्रदर्शनात पिंजाऱ्याच्या बाईला बोलवा, ती कापसाची प्रत हातात घेतल्या घेतल्या सांगते. मेंदीच्या स्पर्धेत निव्वळ भाग घ्यायला नव्हे, परीक्षक म्हणून मणियारांच्या बाईला बसवा. पाककृतीत मलिदा, मोहरमचे चोंगे, पुरणपोळी आणि शेंगोळे एका ओळीत मांडा. गोडाच्या आणि शाकाहारी पदार्थांची भांडी वेगळी ठेवा आणि तसं पाटीवर लिहा, म्हणजे माळकरी आजीही निवांत खातील. लावणी घेतली तर निवेदन करणारीनं लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव माईकवर सांगायचं, मग तो कोणत्याही जातीचा असो.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. आमचे महिने चंद्रावर चालतात आणि अधिक महिना धरत नाहीत, म्हणून आमचे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतात. रमजानात भर दुपारी पाककृती स्पर्धा ठेवली तर आमच्या बायका करतील सगळं, पण चव बघू शकणार नाहीत. नाचायला, गायला कोणावर जबरदस्ती नको. काही घरांत गाणंबजावणं चालत नाही, त्यांना वाढपाचं, हिशोबाचं काम आनंदानं करू द्या. आणि कोणाला बुरखा घालून या किंवा काढून या, असं सांगू नका. कार्यक्रमाला रंग यावा म्हणून तर मुळीच नाही. ती तशी येते तशी येईल.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. इतिवृत्ताच्या वहीची शेवटची दोन पानं मोकळी ठेवा. गटातल्या प्रत्येकीला विचारा, तुझ्या घरात गाणी कोणाला येतात, कशिदा कोणाला येतो, कोणाच्या सासूला जुने पदार्थ माहीत आहेत, आणि ते नाव लिहा. मग ज्या गटात शिकलेली मुलगी आहे तिच्या मोबाईलवर त्या म्हाताऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड करा. आधी त्यांची परवानगी घ्या. गाणं व्हॉट्सॲपवर टाकायचं की नाही हे त्या सांगतील तसं. रेकॉर्ड करताना पंखा आणि टीव्ही बंद करा, मोबाईल उशीवर ठेवा, हातात धरला की खरखर येते. सुरुवातीला त्यांना स्वतःचं नाव, माहेरचं गाव, आणि गाणं कोणाकडून शिकल्या ते बोलायला लावा. लाजतील, पदर तोंडाला लावतील. चहा ठेवा, थांबा. दुसऱ्या गाण्याला आवाज सुटतो.